एकशे बाहत्तरावा दिवस

मार्च २०१८. फ्लोरिडात हंगामापूर्वीचे सराव सामने चालू होते आणि अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा वीस वर्षांचा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक, रोनाल्ड अकुन्या समोर येईल त्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, फोडून काढत होता. सरासरी ०.४३२, चार होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे सीमेपार गेलेले फटके. बेसबॉलमध्ये ०.३०० म्हणजे दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके, आणि तेवढं वर्षभर टिकवणाऱ्यालाही तिथले लोक डोक्यावर घेतात. हा पोरगा त्याच्या कितीतरी वर होता. १९ मार्चला क्लबने त्याची रवानगी खाली, मायनर लीगच्या छावणीत केली, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्तराखालच्या तयारीच्या संघांत. कारण तेच, नेहमीचं: त्याची जडणघडण अजून पूर्ण व्हायची आहे.

त्याच आठवड्यात, २३ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी दोन हजारांहून जास्त पानांच्या एका खर्च-विधेयकावर सही केली. त्या पानांच्या गठ्ठ्यात बेसबॉलमालकांना हवा असलेला एक छोटा कायदा सरकवलेला होता. त्याचं नाव, मराठीत सांगायचं तर, ‘अमेरिकेचा लाडका खेळ वाचवा’. मायनर लीगच्या खेळाडूंना देशातल्या इतर कामगारांप्रमाणे जादा तासांचा मोबदला द्यावा लागू नये, आणि हंगामाबाहेरच्या सरावाचे तास वेतनात धरावे लागू नयेत, एवढ्यासाठी तो होता. खेळ कोणापासून वाचवायचा होता? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या पगारापासून.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण त्या एकाच घरातल्या आहेत, आणि मला बोलायचं आहे ते त्या घराबद्दल. तरुण खेळाडूची ‘जडणघडण’ हा शब्द अमेरिकन बेसबॉलमध्ये दोन कामं करतो. एक खरं काम आहे. दुसरं म्हणजे त्याची किंमत दाबून ठेवणं. दोन्ही कामं एकाच माणसाच्या हाती दिली की त्यातलं कुठलं केव्हा चाललं आहे हे बाहेरच्याला कधीच कळत नाही. म्हणून ते दुसरं काम त्याच्या हातातून काढून घेतलं पाहिजे.

आधी खरं काम. अकुन्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरच्या ला सबाना गावचा. आजोबा आणि वडील दोघेही बेसबॉलमधले, चुलतभावंडांतही मेजर लीगचे खेळाडू. २०१४ च्या जुलैत, सोळाव्या वर्षी, ब्रेव्ह्जने त्याला एक लाख डॉलरला करारबद्ध केलं. या बाजारात ही रक्कम मामुली. दोनच वर्षांनी याच क्लबने केव्हिन मैतान नावाच्या दुसऱ्या व्हेनेझुएलन मुलासाठी साडेबेचाळीस लाख डॉलर मोजले. पुढे परदेशी मुलांच्या भरतीत क्लबने केलेले गैरव्यवहार उघडकीस आले, महाव्यवस्थापकावर बंदी आली आणि मैतानसह तेरा मुलं क्लबला सोडून द्यावी लागली. साडेबेचाळीस लाखांचा मैतान मेजर लीगपर्यंत पोचला नाही. लाखाचा अकुन्या कुठे पोचला ते पुढे येईलच. सोळा वर्षांच्या मुलाकडे बघून त्याचं भविष्य सांगणाऱ्यांची कुवत एवढीच असते, हे मात्र इथेच लक्षात ठेवू.

मायनर लीग म्हणजे शिडी. २०१५ मध्ये अकुन्या फ्लोरिडातल्या अगदी खालच्या पायरीवर आणि तिथून व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलला खेळला. २०१६ मध्ये जॉर्जियातल्या रोम या गावी, पण अंगठ्याच्या दुखापतीने चाळीसच सामने मिळाले. मग आलं २०१७. किसिमीच्या संघात ०.२८७. तिथून बढती मिसिसिपीला, म्हणजे डबल-ए स्तरावर: ०.३२६. तिथून ग्विनेटला, ट्रिपल-ए स्तरावर, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर: ०.३४४. ज्याने रणजीपर्यंतची वाट जवळून पाहिली आहे त्याला हे आकडे किती विचित्र आहेत ते समजेल. पायरी चढावी तसा समोरचा गोलंदाज अवघड होत जातो, चेंडू उशिरा वळतो, चुका कमी मिळतात, आणि बहुतेकांची सरासरी प्रत्येक पायरीवर थोडी गळते. याची वाढत गेली, आणि तीही एकाच उन्हाळ्यात तीन गावं बदलून. वर्षभरात २१ होमरन आणि ४४ चोरलेले बेस, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून गाठलेली पुढची ठाणी. पुढे ॲरिझोनात हिवाळ्याच्या तोंडाशी होणाऱ्या निवडक तरुणांच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान.

असा प्रवास मायनर लीगशिवाय झाला असता असं मी म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या मुलाला ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूसमोर रोज उभं करून, रात्रीच्या बसमध्ये झोपवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करून जे शिकवता येतं ते फळ्यावर शिकवता येत नाही. आउटफिल्डरला तर विशेष. उंच उडालेला चेंडू बॅटवरून सुटल्याच्या आवाजावर कुठे पडेल ते ओळखणं, भिंत किती पावलांवर आहे ते मागे न बघता जाणणं, हे हजारो चेंडूंनीच येतं. ती शाळा चांगलीच आहे. माझं भांडण आहे ते दाखल्याशी, तो कोण देतो आणि कधी देतो याच्याशी.

नियम असा. मेजर लीगच्या संघात घालवलेला प्रत्येक दिवस खेळाडूच्या खात्यावर जमा होतो. हंगाम असतो साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ भरले की एक वर्ष पूर्ण धरतात. अशी सहा वर्षं भरेपर्यंत तो क्लबच्या ताब्यात. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपासच पगार, पुढची तीन लवादाच्या आधाराने ठरणारा पगार, आणि मग तो मोकळा: वाटेल त्या क्लबशी वाटेल तो भाव ठरवायला. आता गणित पाहा. तयार झालेल्या मुलाला हंगामाच्या सुरुवातीला जेमतेम सोळा दिवस खाली बसवलं, की त्याचे भरतात १७१. वर्ष पूर्ण होत नाही. सोळा दिवसांच्या बदल्यात क्लबला त्याच्या ऐन उमेदीचं एक अख्खं वर्ष जास्तीचं मिळतं.

आपल्या औद्योगिक वसाहतींत काम केलेल्याला हे समजवावं लागणार नाही. २४० दिवस भरत आले की कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ देतात, आणि चार दिवसांनी त्याच मशीनवर त्याच माणसाला पुन्हा उभं करतात. त्या ब्रेकला तिथे कोणी जडणघडण म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचं प्रकरण या बाबतीत सगळ्यांत गाजलं. २०१५ च्या सराव सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले, तरी हंगाम त्याच्याविना सुरू झाला. १७ एप्रिलला त्याला वर आणलं. वर्षअखेर दिवस भरले १७१. एक कमी. त्याने तक्रार केली. निकाल लागायला २०२० उजाडलं आणि तो त्याच्या विरोधात गेला. क्लबने हेतुपुरस्सर केलं हे सिद्ध करणार कसं? ‘त्याचं क्षेत्ररक्षण सुधारायचं होतं’ असं म्हटलं की विषय संपतो.

मनात काय होतं हे सहसा कोणी बोलत नाही. २०२१ मध्ये एकजण बोलला. सिएटल मरिनर्सचे तेव्हाचे अध्यक्ष केव्हिन माथर एका रोटरी क्लबच्या बैठकीत मोकळे झाले. जॅरेड केलेनिक हा तरुण आउटफिल्डर दीर्घ मुदतीचा करार नाकारून बसला आहे, आणि त्याला वर आणताना या दिवसांचा हिशेब आपण ठेवणार, असं त्यांच्या बोलण्यातून सरळ बाहेर आलं. वर ज्युलिओ रॉड्रिगेझ या दुसऱ्या तरुण आउटफिल्डरच्या इंग्रजीवरही शेरा मारून झाला. चित्रफीत बाहेर आली आणि माथर यांना राजीनामा द्यावा लागला. राजीनामा दिला तो बोलण्याबद्दल; ज्याबद्दल बोलले तो नियम होता तिथेच राहिला.

इथे माझ्या बाजूला न मानवणारी एक गोष्ट सांगणं भाग आहे. केलेनिकला त्याच मे महिन्यात वर आणलं आणि तो सपशेल फसला. ९३ सामन्यांत सरासरी ०.१८१, मध्येच पुन्हा खाली रवानगी. अकुन्यासुद्धा एप्रिल २०१८ मध्ये ग्विनेटला परतल्यावर चाचपडत होता. जास्तीचं वर्ष मिळवण्यापुरते दिवस उलटून गेल्यावरही क्लबने त्याला आणखी थोडं थांबवलं, ते त्यामुळे असेल. तेव्हा ‘अजून तयार नाही’ हे वाक्य दर वेळी खोटं असतं असं नाही. मग अडचण कुठे आहे? ते वाक्य बोलणाऱ्याचा त्यात पैसा गुंतलेला आहे. परीक्षकालाच नापास केल्याचा मोबदला मिळत असेल तर त्याने प्रामाणिकपणे नापास केलेल्यालाही शंका येणारच. क्लबच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. नियम त्याला कुठे ढकलत होता ते सांगू शकतो.

अकुन्या २५ एप्रिल २०१८ रोजी सिनसिनाटीत पहिला सामना खेळला. त्या दिवशी तो मेजर लीगमधला वयाने सर्वांत लहान खेळाडू होता. दुसऱ्याच दिवशी पहिला होमरन, वर्षअखेर २६, आणि मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने ब्रेव्ह्जशी आठ वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला, त्यापुढची दोन वर्षं दर वर्षी एक कोटी सत्तर लाखांवर घेण्याचा हक्क क्लबकडे. तेव्हाच जाणकारांनी कपाळाला हात लावला होता.

आता ज्या वर्षाची गंमत आहे ते पाहा. समजा तो मार्च २०१८ मध्ये पहिल्या दिवसापासून वर असता आणि त्याने तो लांबचा करार केला नसता. सहा वर्षं पूर्ण होऊन तो मोकळा झाला असता २०२३ च्या हंगामानंतर. त्या हंगामात त्याने ४१ होमरन मारले आणि ७३ बेस चोरले. एका हंगामात चाळीस होमरन आणि सत्तर बेस ही जोडी त्याआधी या खेळात कोणीही जमवली नव्हती. सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने मिळाला. वय पंचवीस. त्या आठवड्यात तो बाजारात उतरला असता तर काय झालं असतं याचा अंदाज घ्यायला दुसरा एक आउटफिल्डर आहे. हुआन सोतो त्याच २०१८ मध्ये, मे महिन्यात, एकोणीस वर्षांचा असताना वॉशिंग्टनकडून वर आला, नवोदितांच्या मतदानात अकुन्याच्या खालोखाल राहिला, मोठमोठे करार नाकारत सहा वर्षं थांबला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर ठरवून मोकळा झाला.

आणि अकुन्याला थांबवल्यामुळे जी तारीख पुढे गेली तिच्याप्रमाणे, करार नसता, तर तो मोकळा झाला असता २०२४ नंतर. त्या वर्षी मे महिन्यात पिट्सबर्गमध्ये बेसदरम्यान धावताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि हंगाम तिथेच संपला. उजवा गुडघा २०२१ मध्येच गेला होता. म्हणजे एका बाजूला इतिहासातला अजोड हंगाम, दुसऱ्या बाजूला दुसरा फाटलेला गुडघा, आणि या दोहोंच्या मध्ये ते एक वर्ष, जे मार्चमधल्या एका निर्णयाने क्लबच्या बाजूला सरकतं.

यावर लगेच म्हणता येईल, करार केला म्हणून तर तो वाचला! खरंच आहे. दोन गुडघे गमावलेल्या माणसाला दहा कोटींची हमी होती. पण वीस-एकवीस वर्षांचा मुलगा इतक्या स्वस्तात हमी का विकत घेतो? पाचेक वर्षांपूर्वी एक लाखावर सही केलेला, मधली वर्षं मायनर लीगच्या पगारावर काढलेला, आणि पुढची कित्येक वर्षं मोकळा न होणारा मुलगा हमीसाठी काय वाट्टेल ती किंमत मोजेल. हा सौदा दोन समान पक्षांत झालेला नाही. आता तर क्लब दारातच हा सौदा मांडतात. जॅक्सन चुरिओ हाही व्हेनेझुएलन, हाही आउटफिल्डर. मिल्वॉकीने एकही मेजर लीग सामना खेळण्याआधी त्याच्याशी आठ वर्षांचा, आठ कोटी वीस लाखांचा करार केला, आणि मग पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी तो मैदानावर होता. सही झाल्यावर दिवस मोजायचं कारण उरत नाही, त्यामुळे वाढही वेळेत पूर्ण होते.

कोट्यधीशांचं दुःख काय घेऊन बसलात, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच शिडीच्या खालच्या टोकाकडे वळतो. डबल-ए च्या खालच्या ए-स्तरावरचा किमान पगार २०२० पर्यंत आठवड्याला २९० डॉलर होता, तोही फक्त हंगामापुरता. मार्चमधल्या सरावाचे दिवस फुकट. त्याच सुमारास मेजर लीगचं किमान वेतन वर्षाला साडेपाच लाखांच्या घरात. मुलं एका खोलीत पाच-सहाजण हवेच्या गाद्या टाकून झोपत. ॲरन सेन या माजी खेळाडूने सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये दावा लावला होता. २०२२ मध्ये बेसबॉलने १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याच वर्षी मायनर लीगच्या खेळाडूंनी संघटना उभारली, आणि मार्च २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-ए चा वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० झाला, सर्वांत खालच्या पायरीवरचा ४,८०० वरून १९,८००. खेळ बुडाला नाही. जो खेळ वाचवायला २०१८ चा कायदा लागला, तो पाच वर्षांनी दुप्पट-चौपट पगार देऊन मजेत चालू आहे.

मालकांनी काटकसर केली ती दुसरीकडे. २०२१ पासून मेजर लीग क्लबांशी संलग्न असलेले मायनर लीगचे संघ १६० वरून १२० वर आणले. अकुन्याच्या शिडीतल्या दोन पायऱ्या, डॅनव्हिल आणि किसिमी, त्यातच गेल्या. लाखाच्या मुलाला रुजायला जागा लागते. ती जागा कमी केली आणि वर जडणघडणीचा गजर मात्र चालूच ठेवला.

अमेरिकेसारख्या बाजारपेठेच्या भक्त देशात हे चालतं कसं, असा प्रश्न पडतो. उत्तर १९२२ सालचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवलं की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्यीय व्यापारच नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसचा कर्ट फ्लड याने आपल्याला न विचारता खेळाडूंच्या अदलाबदलीत फिलाडेल्फियाला देऊन टाकलं म्हणून बंड केलं. तोही आउटफिल्डर, सेंटर फील्डचा, म्हणजे मागच्या मैदानाच्या मधल्या जागेचा, राजा. मी विकत घ्यायची-द्यायची वस्तू नाही, असं त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना लिहून कळवलं. कृष्णवर्णीय फ्लडने मायनर लीगची वर्षं दक्षिणेत काढली होती, जिथे त्याला गोऱ्या सहकाऱ्यांसोबत जेवायलाही बसता येत नसे. वस्तू असणं म्हणजे काय ते त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. पुढे १९९८ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला, पण तो फक्त मेजर लीगच्या खेळाडूंसाठी. मायनर लीग त्यातून मुद्दाम वगळली. फ्लडचं नाव दिलं आणि शिडीवरच्या पोरांना त्याच्याच कायद्यातून बाहेर ठेवलं, याहून कोडगेपणा कुठला.

क्लबांचा खरा युक्तिवाद असा आहे की शंभर मुलांवर खर्च करावा तेव्हा एखादा अकुन्या निघतो, आणि नव्वद मैतानांचा खर्च त्या एकाकडूनच भरून काढावा लागतो. यात तथ्य आहे. पण तो परतावा सहा वर्षांच्या ताब्यातून मिळतोच. नियम त्यासाठीच आहे. सातवं वर्ष हे चलाखीचं बक्षीस आहे, गुंतवणुकीचं नव्हे. मालक आणि मेजर लीगच्या खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारात यावर थोडा इलाज झाला: नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला दिवस कमी भरले तरी पूर्ण वर्ष मिळतं, आणि चांगल्या मुलाला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या क्लबला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एक जादा निवड करण्याचा हक्क मिळू शकतो. माथर यांनी ज्याच्या इंग्रजीवर शेरा मारला तो ज्युलिओ रॉड्रिगेझ २०२२ मध्ये पहिल्याच दिवशी मैदानावर होता, सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि सिएटलला तो हक्क मिळालाही. पण हा इलाज मोजक्या नामांकितांपुरता. यादीत नसलेल्या मुलाचे सोळा दिवस आजही तसेच कापता येतात.

उपाय मला सरळ वाटतो: घड्याळ क्लबच्या खिशातून काढावं आणि ते पहिल्या सहीच्या दिवशी सुरू करावं. मेजर लीगची सहा वर्षं, किंवा पहिल्या करारापासून ठरावीक वर्षं, जे आधी भरेल ते. मग मुलाला खाली ठेवायचं कारण एकच उरेल, तो खरोखर कच्चा असणं. नुसतं वय लावून चालणार नाही. २०२१ मध्ये मालकांनीच साडेएकोणतीस वर्षांची अट पुढे केली होती, आणि तिने विशीत वर आलेल्या अकुन्या-सोतोंना आणखी काही वर्षं बांधलं असतं. खेळाडूंनी ती झटकली ते बरंच केलं. माझ्या उपायातही खोट आहे: उशिरा उमलणाऱ्या मुलांना क्लब लवकर सोडतील. पण सोडलेला मुलगा निदान दुसरीकडे जाऊ शकतो. मेजर लीगचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. बोलणी करायची तर तिथे करावी लागेल. आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या उन्हाळी लीगची मुलं, सोळा-सतरा वर्षांची, ज्यांना २०२३ च्या मायनर लीग करारातही घेतलेलं नाही, त्यांचं घड्याळ त्यात धरणार की नाही हेही तिथेच विचारावं लागेल.

अकुन्याचा धाकटा भाऊ लुइसांहेल सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. हंगाम संपत आला होता, त्या वर्षी त्याच्या खात्यावर जेमतेम पंधरवडा जमा झाला. त्याच मेट्सच्या मायनर लीगमध्ये त्यांचे वडील कित्येक वर्षं खेळले होते, वर कधीच पोचले नाहीत. त्यांच्या खात्यावर एकही दिवस नाही.